मॉडेलला कुठला रंग मारायचा?
सुटे भाग जोडून बनवायचं पहिलंच प्लास्टिकचं विमान असेल तर सरळ पाण्याचा अ‍ॅक्रेलिक घ्या, वन रूम किचनमध्ये इनॅमलचा (म्हणजे तेलाच्या रंगाचा) वास रात्रभर जात नाही आणि घरचे ओरडतात ते वेगळंच. इनॅमल ब्रशने मारायला मात्र मस्त, हळू सुकतो म्हणून ब्रशच्या रेघा आपोआप मिटतात, पण मुंबईच्या पावसाळ्यात २-३ दिवस बोट लावू नका, माझ्या मिग विमानाच्या पंखावर अजून अंगठा उमटलेला आहे. लॅकर (उग्र थिनरचा रंग) पटकन सुकतो, कडक बसतो, पण मास्क आणि उघडी खिडकी पाहिजेच, शिवाय दमट हवेत त्यावर पांढरट झाक येते. इनॅमलवर लॅकर नको, सुरकुत्या पडतात, उलटं चालतं. हार्डवेअरवाल्याकडचा स्प्रे असेल तर आधी उरलेल्या स्प्रूवर (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर) मारून बघा, प्लास्टिक खातो कधीकधी.