मतमोजणीच्या दिवशी ‘इतर’मधला आपला पक्ष कसा शोधावा

लोकसभेच्या निकालाच्या दिवशी टीव्हीवर दोन आघाड्यांचे मोठे आकडे झळकत असतात आणि कडेला एक बारीक रकाना असतो, ‘इतर’. आमच्या कंधारकडच्या कित्येक घरांचं राजकारण त्या रकान्यात जाऊन बसतं. शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, केशवराव धोंडगे १९७७ साली नांदेडमधून लोकसभेवर निवडून गेले, ते इकडचेच. लहान पक्षाला मत देणाऱ्यानं निकाल कसा बघायचा, ते म्हणून सांगतो.

आदल्या दिवशी आपला मतदारसंघ पक्का करून घ्या. जिल्हा वेगळा, लोकसभा वेगळी. कंधार-लोहा नांदेड जिल्ह्यात, पण आमचं मत मोजलं जातं लातूर लोकसभेत. घनसावंगी आणि परतूर जालना जिल्ह्यात, मोजणी परभणीत. औसा लातूर जिल्ह्यात, मोजणी धाराशिवमध्ये. नुसती जिल्ह्याच्या नावाची पट्टी बघत बसलात तर दुसऱ्याचाच निकाल बघाल.

वातावरणासाठी टीव्ही लावा, आकडे मात्र निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवरून घ्या. तिथं प्रत्येक उमेदवाराची मतं दिसतात. सकाळी ८ वाजता टपाली मतं सुरू होतात, अर्ध्या तासानं मशिनं उघडतात. पहिल्या तासात चॅनलवाले ‘आघाडी’ म्हणून जे दाखवतात ते वहीत उतरवू नका. विधानसभेच्या एकेका भागाला साधारण १४ टेबलं असतात, म्हणजे एका फेरीत १४ बूथ. कोणत्या गावांची मशिनं आधी लागली यावर आघाडी खालीवर होते. बीडला २०२४ मध्ये रात्रीपर्यंत जीव टांगणीला लागला होता. शेवटी बजरंग सोनवणे ६,५५३ मतांनी आले.

दर फेरीला तीनच गोष्टी लिहा: आपल्या उमेदवाराची मतं, पहिल्या दोघांतला फरक आणि आतापर्यंत मोजलेली एकूण मतं. एकूण मतांतून नोटा (‘यापैकी कुणीही नाही’ची मतं) वजा करा, उरलेल्याला ६ नं भागा. आपली मतं त्याच्या वर गेली तर डिपॉझिट वाचलं. सर्वसाधारण उमेदवारासाठी ते २५,००० रुपये असतं, आणि वर्गणी काढून भरणाऱ्या पक्षाला ती रक्कम फार मोठी असते.

आता ज्याचा मला खरंच राग येतो ते. संध्याकाळच्या चर्चेत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘यांनी मतं खाल्ली.’ २०१९ ला नांदेडमध्ये काँग्रेसचे अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १,६६,१९६ मतं होती. लगेच वजाबाकी सुरू झाली. अरे, ती मतं कुणाच्या ताटातली होती? उन्हात रांगेत उभं राहून लोकांनी ठरवून दिलेली मतं ती. त्याच निवडणुकीत औरंगाबादेत एमआयएमचे इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले, तेव्हा मात्र लहान पक्ष दिवसभर बातमीत होता. म्हणून वजाबाकीच्या आधी एवढं बघा: मागच्या वेळी या पक्षाला इथं किती मतं होती, उमेदवार कुठला, आणि चिन्हाचा घोळ होता का. चिन्हाचा घोळ खरोखर होतो. बीडमध्ये २०२४ ला ट्रम्पेट चिन्हाच्या अपक्षाला ५४,८५० मतं पडली, आणि समोर राष्ट्रवादी शरद पवार गटाची तुतारी वाजवणारा माणूस होता. अशी मतं आणि पक्षाची स्वतःची मतं एका मापानं मोजू नका.

लहान पक्ष मोठ्या आघाडीत लढत असेल तर टीव्हीवर त्याचं नावच पुसलं जातं. परभणीत २०२४ ला महादेव जानकर रासपकडून (राष्ट्रीय समाज पक्ष), शिट्टी हे चिन्ह घेऊन उभे होते. पडद्यावरची बेरीज महायुतीची. अशा वेळी वेबसाइटवर पक्षनिहाय यादी उघडा.

टीव्ही बंद झाल्यावरचं काम सगळ्यात मोलाचं. निकालानंतर फॉर्म २० येतो, त्यात बूथनिहाय मतं असतात. आपल्या गावाचा बूथ क्रमांक शोधा, शेजारच्या चार गावांचे आकडे त्याच पानावर लिहा आणि पक्षाच्या पोरांना घेऊन बसा. जिथं मतं मिळाली पण बूथवर आपला एजंट नव्हता, त्या गावात जिल्हा परिषदेच्या आधी माणूस नेमा.