कोकणात पाण्याचा फिल्टर घेताना या चुका टाळा

कोकणातल्या एकाच गावात तीन वाड्यांच्या पाण्याची चव तीन तऱ्हेची असू शकते. सड्याखालच्या वाडीत झऱ्याचं गोडं पाणी, मधल्या वाडीत नळाला टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) उग्र वास, आणि खाडीलगत एप्रिल लागला की विहिरी मचूळ. पण तालुक्याच्या बाजारात फिल्टर घ्यायला गेलं की तिघांनाही आरओच दाखवतात, आणि पाण्यात नेमकं काय बिघडलंय हे न विचारताच आपण तो घेऊन येतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

आरओ पाण्यात विरघळलेले क्षार काढतो. पाणी खारट असेल तर त्याला पर्याय नाही. पण जांभ्यातून झिरपून येणारं आपलं पाणी बहुतेक ठिकाणी मुळातच हलकं असतं, टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, कमीच भरतो. भारतीय मानकात (आयएस १०५००) लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस पिण्यासाठी योग्य मानला आहे. ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओला मनाई करा, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्र सरकारला दिले होते. हलक्या पाण्याला आरओ लावला की होते नव्हते ते क्षारही जातात आणि पाणी पांचट लागतं. शिवाय लिटरभर पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर मोरीत जातं. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात हे मला बघवत नाही.

दोन ग्लासांच्या प्रयोगाला भुलू नका

विक्रेता घरी येतो आणि टेबलावर दोन ग्लास ठेवतो, एक तुमच्या पाण्याचा, एक आरओच्या. दोन्हीत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतो. मिनिटाभरात तुमच्या ग्लासात तपकिरी-हिरवट गाळ तरंगायला लागतो आणि घरातली म्हातारी माणसं घाबरून जातात. तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतो. विजेमुळे कांडीचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, आरओच्या पाण्यातून जेमतेम, म्हणून तो ग्लास स्वच्छ राहतो. त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तोही गढूळ होईल.

टीडीएस मीटरचंही तसंच. तो क्षारांचा अंदाज देतो, जंतूंचा नाही. जांभा सच्छिद्र असतो. मीटरवर ४० दाखवणाऱ्या विहिरीत पावसाळ्यात शेजारच्या शौचखड्ड्याचं पाणी झिरपलेलं असू शकतं. म्हणून स्वतःची विहीर असेल तर आधी पाणी तपासून घ्या, जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटलीच लागते, घरची धुतलेली चालत नाही. नमुना कसा घ्यायचा ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा.

चव बिघडलीय कशाने?

टीसीएलचा वास असेल तर तांब्याभर पाणी रात्रभर जाळी झाकून ठेवा. सकाळी वास गेला किंवा बराच कमी झाला, तर कार्बन असलेला साधा फिल्टर पुरे. फक्त लक्षात ठेवा, कार्बन क्लोरीन काढतो तेव्हा पाण्याचं संरक्षणही काढून घेतो. ते पाणी दोन-तीन दिवस साठवायचं नाही.

लोहाचं पाणी मात्र फसवं. उपसताना अगदी नितळ दिसतं, बादलीत राहिलं की तळाला तांबूस साका बसतो आणि वर चकचकीत तवंग येतो. चहा काळपट होतो, भाताला पिवळट झाक येते. तवंगाला काडी लावून बघा. त्याचे कपचे होऊन ते तसेच तुटलेले राहिले तर लोह. लगेच परत जुळून आला तर तेल समजा आणि ते पाणी पिऊ नका. लोहाच्या पाण्याला थेट आरओ किंवा यूव्ही (अतिनील प्रकाशाने जंतू मारणारं यंत्र) लावणं म्हणजे पैसे वाया. आरओचं मेम्ब्रेन, म्हणजे आतला गाळणारा पडदा, चोंदतं, यूव्हीच्या काचेवर तांबूस थर चढतो आणि प्रकाश पाण्यापर्यंत पोचत नाही. आधी पाण्याला हवा लागू द्या. टाकीत पाइपच्या तोंडाला झारी बसवून पाणी उंचावरून पडू द्या, रात्रभर निवळू द्या, मग वाळूच्या गाळणीतून घ्या. जांभ्याचं पाणी थोडं आम्लधर्मी असल्यामुळे लोह बसायला वेळ लागतो, घाई करू नका. एवढं करूनही साका येत राहिला तर लोह काढणारी वेगळी टाकी लागेल.

मचूळ पाणी उकळून गोडं होत नाही, कार्बनने नाही, यूएफनेही (बारीक छिद्रांच्या पडद्याच्या फिल्टरनेही) नाही. तिथे आरओच घ्या, आणि फेकलं जाणारं पाणी लादी पुसायला, संडासाला वापरा. झाडांना घालू नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

शेवाळी, मातकट वास असेल तर आधी छपरावरची टाकी उघडून बघा. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.

चाकरमान्यांच्या घरातला फिल्टर

शिमग्याला लावलेला फिल्टर गणपतीला उघडतात आणि पहिल्याच दिवशी बाळगोपाळांना त्यातलं पाणी देतात. असं करू नका. महिनोन्महिने आत साचलेल्या पाण्यात, विशेषतः ओल्या कार्बनवर, जंतूंची वाढ होते. वर्षातले बरेच महिने बंद राहणाऱ्या घरासाठी कॅंडलचा स्टीलचा फिल्टर उत्तम. निघताना पाणी ओतून द्या, कॅंडल साबण न लावता मऊ ब्रशने घासा, पूर्ण वाळवून ठेवा. परत आल्यावर पहिली दोन भांडी गाळून टाकून द्या. पावसात वीज दोन दोन दिवस गेली तरी हा चालतो, यूव्ही आणि आरओ दोन्ही बंद पडतात. मात्र पाण्यात जंतू निघाले असतील तर गाळून झाल्यावर उकळायला विसरू नका.

मशीनच घ्यायचं ठरलं तर ऑफर ऐकण्याआधी दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. वर्षाला बदलायच्या भागांचा खर्च किती, आणि दुरुस्तीला माणूस कुठून येणार? ज्याचे भाग तुमच्याच तालुक्यात मिळतात, ते मशीन चार पैसे महाग असलं तरी घ्या.