खूण शिकताना विचारा: कुणाची, कुठली, कशासाठी?

कर्णबधिरांची भारतीय सांकेतिक भाषा शिकायला सुरुवात केली की बहुतेक जण एक वही करतात. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे खुणेचं चित्र. नाशिकमध्ये दुभाष्याचं काम करताना माझं ठाम मत झालंय की ही वही लवकरात लवकर बंद करावी. खूण शब्दाची नसते, अर्थाची असते.

'लागणे' घ्या. भूक लागली, नोकरी लागली, वेळ लागतो, घाटात गाडी लागते, पायाला दगड लागला. मराठीत क्रियापद एकच, हातांवर पाच निरनिराळ्या गोष्टी. 'कापणे'चंही तसंच: केस कापायला दोन बोटांची कात्री डोक्याशी जाते, भाजी कापायला हाताची सुरी होते. आणि दुखण्याची खूण जिथे दुखतंय तिथेच करायची, म्हणजे डोकं दुखणं आणि गुडघा दुखणं यांची जागाच वेगळी.

याचा खरा कस दवाखान्यात लागतो. डॉक्टर सहज विचारतात, "पोट साफ होतं का?" इथे 'पोट' आणि 'साफ' या दोन खुणा जोडून भागत नाही. समोरच्या मावशींना संडासला रोज होते का, हेच सरळ विचारावं लागतं, तेही भुवया उंचावून. भुवया जागच्या जागी राहिल्या तर हात तेच असूनही प्रश्नाचं विधान होतं. नवीन मुलं हातांचाच सराव करत राहतात. चेहऱ्याकडे त्याहून जास्त लक्ष द्या.

आता माणसांबद्दल. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे ही भाषा घरातून क्वचितच मिळते. ती शाळेत, वसतिगृहात, मोठ्या मुलांकडून येते. अनेक शाळांचा भर वर्षानुवर्षे बोलायला शिकवण्यावर होता, तेव्हा खुणा मधल्या सुट्टीत आणि मैदानावर वाढल्या. म्हणून एका शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांची खूण दुसऱ्या शाळेच्या मुलांना अनोळखी वाटू शकते, आजोबांची नातवाच्या वयाच्या मुलांना. देशभर व्याकरण बरंचसं सारखं, फरक दिसतो तो मुख्यतः शब्दसंग्रहात.

कामधंद्याचाही शब्दसंग्रह असतो. निफाडकडच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या एका कर्णबधिर दादांनी मला विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी काढणं, दाखवली: डावा हात घडासारखा खाली लोंबता, उजव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी त्याच्या आतून फिरत, मधलेच मणी टिपत. छाटणी दाखवताना तीच कात्री काडीवर आली आणि एका झटक्यात मिटली. बाग न पाहिलेल्या माणसाला हा फरक सुचलाच नसता. मला अशा खुणांचं फार मोल वाटतं.

मग शब्दकोश कशाला? हवाच. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राच्या कोशात 2018 साली 3,000 शब्द होते, 2021 च्या तिसऱ्या आवृत्तीत 10,000 झाले. त्यात कायदा, वैद्यक, शेती यांचे शब्द आहेत आणि निरनिराळ्या भागांतल्या प्रादेशिक खुणाही. कोशात एक खूण आणि नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ भेटलेल्या कर्णबधिर मित्राच्या हातावर दुसरी, असं झालं तर त्याची खूण 'चूक' म्हणून दुरुस्त करायला जाऊ नका. भाषा त्याची आहे. दोन्ही टिपून ठेवा, सोबत कुणाकडून मिळाली, त्याचं साधारण वय, शाळा कुठली हेही. बैठकीत दोन गावांची माणसं असतील तर सुरू होण्याआधी पाच मिनिटं गप्पा मारा. कोणती खूण कुणाला चालते ते तिथेच कळतं.

दुभाषी म्हणूनच करिअर करायचं असेल तर बारावीनंतर दोन वर्षांची पदविका आहे. मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा. प्रवेश मिळेपर्यंत थांबू मात्र नका, आपल्या गावातल्या कर्णबधिर मंडळींच्या भेटीगाठींना आत्तापासून जायला लागा.