चिलापीच्या व्हायरसची वंशावळ घरच्या लॅपटॉपवर कशी काढायची

उजनीची चिलापी पुण्याच्या मासळी बाजारात मिळते, भिगवणला तर लोक खास ती खायला जातात, पण या माशाला म्हणजे तिलापियाला मारणाऱ्या व्हायरसचे प्रकार किती आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय हे बघायला लॅब लागत नाही, लॅपटॉप आणि नेट पुरतं. (खवय्यांनी घाबरू नका, तिलापिया लेक व्हायरस माणसाला होत नाही.)

हाच व्हायरस का? कारण छोटा आहे. इस्रायलच्या किनेरेट सरोवरात २००९ पासून मासे कमी होत गेले, २०१४ ला व्हायरस सापडल्याचं छापून आलं, २०१८ ला भारतातूनही रिपोर्ट आला. याचा जीनोम (म्हणजे सगळी जनुकीय माहिती) आरएनएचा, दहा सुट्या तुकड्यांचा (त्यांना सेगमेंट म्हणतात), सगळी मिळून १०,३२३ अक्षरं, म्हणजे आरएनएचे बेस. कोई माशाचा हर्पिसव्हायरस घेतला तर अक्षरं २,९५,००० च्या आसपास आणि वेगवेगळ्या देशांतल्या सॅम्पलमधे फरक अगदी थोडा, नवख्या माणसाने त्यात हात घालू नये.

आधी एनसीबीआय व्हायरस या फुकट साइटवर जा, व्हायरसचं नाव (Tilapia lake virus) टाका आणि सेगमेंट १ चे पूर्ण सिक्वेन्स, म्हणजे अक्षरांच्या ओळी, फिल्टर करा. सेगमेंट ३ चे अर्धवट तुकडे भरपूर दिसतील कारण व्हायरस आहे का हे बघणाऱ्या बऱ्याच पीसीआर टेस्ट त्यावर होतात, ते सोडून द्या. फास्टा फाइल (सिक्वेन्स ठेवायची साधी टेक्स्ट फाइल) उतरवताना नावात अ‍ॅक्सेशन नंबर (प्रत्येक सिक्वेन्सचा ओळख क्रमांक), देश आणि सॅम्पल घेतल्याची तारीख येईल असं सेट करा, सबमिशनची तारीख नको, ती कधीकधी कित्येक वर्षांनंतरची असते.

मग मेगा नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यातल्या मसल या प्रोग्रॅमने अलाइनमेंट करा, म्हणजे सगळ्या ओळी जुळणारी अक्षरं एकाखाली एक येतील अशा लावा. आता घाई करू नका, खरं काम इथेच आहे. सगळ्या ओळी एकसारख्या दिसत असताना एखादी ओळ पूर्ण विसंगत, जागोजागी गॅप पडलेली दिसली तर लगेच "नवीन स्ट्रेन (व्हायरसचा प्रकार) सापडला" म्हणून उड्या मारू नका, बहुतेक वेळा तो सिक्वेन्स उलट्या बाजूने जमा केलेला असतो, रिव्हर्स कॉम्प्लिमेंट करा (ओळ उलटी करून प्रत्येक अक्षराच्या जागी त्याच्या जोडीचं अक्षर) आणि परत अलाइन करा. मग दोन्ही टोकं कापून फक्त प्रोटीनचा भाग ठेवा, सेगमेंट १ मधे तो १,५६० अक्षरांचा आहे. ट्रान्सलेट करून, म्हणजे अक्षरांवरून प्रोटीन काढून बघा, मधेच स्टॉपचं (प्रोटीन इथे संपतं याचं) चांदणी चिन्ह आलं तर काहीतरी सरकलंय.

पुढचं बटणांचं काम आहे. अक्षरं कशी बदलतात याचं बेस्ट मॉडेल शोधा, मॅक्सिमम लाइकलीहुड या पद्धतीने ट्री, म्हणजे वंशावळीचं झाड काढा, बूटस्ट्रॅप (फांदी किती भरवशाची हे बघायला झाड पुन्हा पुन्हा काढणं) १,००० ठेवा आणि चहा करून या. तुलनेला जवळचा नातेवाईक व्हायरस नसल्याने झाडाचं मूळ मध्यावर (मिडपॉइंट) धरा. ७० पेक्षा कमी बूटस्ट्रॅप असलेल्या फांदीवर मी तरी काही बोलत नाही.

पण एवढ्यावर थांबलात तर अर्धीच गोष्ट कळेल. एकाच माशात दोन स्ट्रेन शिरले की त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते, त्याला रिअसॉर्टमेंट म्हणतात, त्यामुळे सेगमेंट १ मधे जो सॅम्पल एका देशाच्या गटात बसला तोच सेगमेंट ५ मधे भलत्याच घरात सापडू शकतो. म्हणून ज्या सॅम्पलचे दहाही तुकडे आहेत तेवढेच ठेवा, दहा वेगळी झाडं काढा आणि शेजारी शेजारी ठेवून कोण उडी मारतंय ते बघा. आणि एखाद्या देशाचे सिक्वेन्स जास्त दिसले म्हणजे तिथे रोग जास्त असं नाही, तिथे सिक्वेन्सिंग जास्त झालंय एवढंच.

वापरलेल्या अ‍ॅक्सेशन नंबरांची यादी त्याच फोल्डरमधे ठेवा, पुढच्या वर्षी नवीन सिक्वेन्स आले की नुसती भर घालून परत चालवता येतं.