जुन्या शिडाच्या बोटीचा डेक नवा करताना

माझी बोट 24 फुटी, फायबरची, 1986 सालची. मोसमभर मांडव्याला असते. गेल्या वर्षी ओल्या डेकवर लेक घसरली, कोपर सोलवटलं. तेव्हाच ठरवलं, पावसाळ्यात बोट वर काढली की डेक करायचाच.

रंगाचा डबा आणायची घाई नको. आधी स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरून मुठीने सगळा डेक वीत-वीतभर अंतरावर ठोकत जा. आवाज खणखणीत असेल तर पुढे सरका. बद्द आवाज आला की खडूने गोल करा. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड भरलेलं असतं, ते तिथे पाणी प्यायलंय. मला असे दोन गोल मिळाले, दोन्ही रेलिंगच्या खांबांच्या बुडाशी. पाणी बहुतेकदा स्क्रूच्या भोकांतूनच शिरतं. वरचा फायबर कापला तर आत भिजलेल्या भुशासारखा काळा लगदा. तो खरवडून, पोकळी पूर्ण वाळवून नवा बाल्सा इपॉक्सीत (दोन भाग मिसळून घट्ट होणारं चिकट रसायन) बसवला आणि वर काचेच्या कापडाचे थर दिले. स्क्रूची भोकं मोठी करून इपॉक्सीने बुजवा, मग त्या इपॉक्सीतच नवं भोक पाडा. म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचत नाही.

घासण्याआधी डेक धुवून सॉल्व्हंटने पुसा. आधी घासलंत तर जुनं मेण ओरखड्यांत रुततं आणि रंग धरत नाही. मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी 150 चा, तोंडाला मास्क लावून.

रंग दिवाळीनंतर, पाऊस नक्की गेल्यावर. इपॉक्सी प्रायमर, त्यावर हार्डनर मिसळायचा पॉलियुरेथेन रंग, रोलरनेच. स्प्रे केला तर हार्डनरमधलं आयसोसायनेट हे घातक रसायन छातीत जातं. दव सुकल्यावर सुरू करा, चारच्या आत आवरा. मी एकदा संध्याकाळी सहाला शेवटचा हात दिला. रात्री दव पडलं आणि सकाळी सगळी चकाकी दुधाळ झालेली. सगळं पुन्हा घासलं.

पाय न घसरण्यासाठी खरखरीत पट्टे हवेत. क्लीट (दोर बांधायचे खुंट) आणि झाकणांभोवती बोटभर गुळगुळीत जागा सोडून टेप लावा. कोपरे वाटी ठेवून गोल कापा, टोकदार कोपऱ्यातून रंग लवकर उचलतो. ओल्या रंगावर बारीक, कोरडी सिलिका वाळू मैद्याच्या चाळणीने भुरभुरवा, रंग दिसेनासा होईपर्यंत. वाळल्यावर सुटी वाळू झाडून वर दोन हात द्या. शेवटचा हात ओला असतानाच टेप ओढा. रंग फिकाच घ्या. गडद डेकवर एप्रिलच्या दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही.

खांब परत बसवताना खाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) घाला. ती मऊच राहते, खांब हलला तरी फट पडत नाही.