कट्ट्यावरचे आजी-आजोबा डिमेन्शिया ग्रुपसाठी कसे तयार करायचे
ठाण्यात ज्येष्ठ नागरिक संघ भरपूर, त्यामुळे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्यांचा ग्रुप घ्यायला व्हॉलंटियर मिळतात, त्यांना तयार करायचं खरं काम पुढेच असतं. आधी एकच सवय मोडायची, परीक्षा घ्यायची. "ओळखलंत का मला?", "सकाळी काय खाल्लं?" हे बंद, रिटायर्ड मास्तर असतील तर जास्तच लक्ष ठेवा 😄 त्यापेक्षा तलावपाळीचा जुना फोटो समोर ठेवून "इथे काय मजा असायची हो?" विचारायचं, आणि कोणी साल चुकवलं तर चुकवू दे.

मग जोडीने प्रॅक्टिस. एक पेशंट बनतो, दुसरा त्याच्याकडून मेथी निवडून घेतो. समोर बसायचं, एका वेळी एकच सूचना, "काकू, ही जुडी सोडा", करून दाखवायचं आणि मग थांबायचं, कारण समजायला वेळ लागतो, तेवढ्यात हातातून जुडी ओढायची नाही. पानं-देठं मिसळली तरी चालतंय.

ग्रुप ५ ते ८ जणांचा, वेळ ४५ मिनिटं. शक्यतो सकाळी ठेवा, बऱ्याच जणांची अस्वस्थता संध्याकाळी वाढते. व्हॉलंटियरही सत्तरीचे, कोणाचे गुडघे, कोणाचं बीपी, म्हणून दोघांनी मिळूनच सेशन घ्यायचं. आणि कोणी "घरी जायचंय" म्हणून उठलं तर वाद नको, सोबत चार पावलं चाला, घराबद्दलच बोलत राहा.