थंड मासळीचा खोका एक्स-रेत काळा दिसून अडकत असेल तर (माझा अनुभव)

मालवणहून मुंबईमार्गे विमानाने सुरमई-पापलेट पाठवतो. लक्षण असं: तपासणीत खोक्याचं चित्र मधोमध काळं येतं, तपासनीस 'आत काय ते दिसत नाही' म्हणून बाजूला काढतो, खोका उघडला जातो आणि विमान चुकतं. सलग तीन खेपा अशाच अडकल्या, जीव अगदी मेटाकुटीला आला.

आधी मालाचं लेखी पत्र जोडलं, मग चार तास लवकर पोचलो. उपयोग शून्य. नागरी विमान सुरक्षा ब्युरोचा नियम सरळ आहे: विमानात चढणारा माल तपासून निर्धोक ठरलाच पाहिजे, कागद त्याची जागा घेत नाही. आणि ते योग्यच आहे.

खरं कारण जेल पॅक, म्हणजे मासळी थंड राहावी म्हणून ठेवलेली गोठवलेल्या जेलची पाकिटं. आम्ही मधोमध पाच-सहा एकावर एक रचत होतो. इतक्या जाड थरातून किरण फारसे पार जात नाहीत.

आता आधी तळाला पातळ पॅक एकेरी पसरतो, त्यावर मासळीचा एकच थर, वर पुन्हा एकेरी पॅक. खोका उंच नको, रुंद घ्या. फॉइलचं अस्तर आणि धातूच्या क्लिपा काढल्या, फक्त चिकटपट्टी. तापमान नोंदवणारं यंत्र एकाच खोक्यात, तेही बुकिंगच्या वेळीच एजंटला सांगून, कारण त्यात बॅटरी असते. शेवटी खोक्यावरचं वर्णन एअरवे बिलाशी (विमानाने जाणाऱ्या मालाच्या कागदाशी) शब्दशः जुळवतो.

त्यानंतरच्या सगळ्या खेपा न उघडता गेल्या.